निवड की मांडणी? मोजण्यापूर्वी विचारायचा एक प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर उभे राहिले की 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर बोलावे असा प्रघात आहे. परंतु आपण एका दिवसाचे काम मोडून मुलांसाठी येथे आला आहात, यावरूनच ते महत्त्व आपणांस पटलेले आहे हे उघड आहे. तेव्हा त्यावर वेळ न घालवता मी गणितातल्या एकाच धड्याविषयी बोलणार आहे. पालकांनी घाबरून जाऊ नये. फळ्यावर फारसे काही लिहायचे नाही, आणि जे सांगायचे आहे ते आपल्यापैकी बहुतेकांना आधीच ठाऊक आहे.

अकरावीच्या गणितात 'परम्युटेशन आणि कॉम्बिनेशन' नावाचा धडा असतो. अमुक गोष्ट किती प्रकारे करता येईल हे एकेक प्रकार न मोजता काढायचे, एवढाच त्याचा विषय. या धड्यात मुलांचे गुण जातात ते गुणाकार चुकल्यामुळे जात नाहीत. आकडेमोड बरोबर असते, पण जेथे भागायला हवे तेथे भागलेले नसते आणि जेथे भागू नये तेथे भागलेले असते. आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात दखनी बोली, दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यम, आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. उदाहरणातली गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहण्याच्या आतच मूल सूत्र शोधू लागते. 'सिलेक्ट' शब्द दिसला की एनसीआर, 'अरेंज' दिसला की एनपीआर, असा एक ठोकताळा वह्यांतून फिरत असतो. पाच उदाहरणांत तो चालतो, सहाव्यात फसतो. दोन-तीनदा फसला की 'गणित आपल्याला जमत नाही' असा निकाल मूल स्वतःच लावते. आणि मुलगी असेल तर तो निकाल घरातली माणसे तिच्या आधी लावतात. पुढे इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर अशा कितीतरी वाटा यामुळे बंद होतात. एका धड्यातल्या एका घोटाळ्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

प्रथम शब्दांची भीती काढून टाकू. परम्युटेशन म्हणजे मांडणी. घरात आपण जिला 'तरतीब' म्हणतो ती. कॉम्बिनेशन म्हणजे निवड, आपला 'इंतिखाब'. मांडणीत कोण कोठे बसले आहे याला किंमत असते. निवडीत कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले एवढेच पाहायचे असते.

ईदचा दिवस डोळ्यांपुढे आणा. एका गल्लीत पाच घरे आहेत. नमाज झाल्यावर पाच घरांचे पाच कर्ते पुरुष एकमेकांची गळाभेट घेतात. प्रत्येकजण उरलेल्या चौघांना भेटतो, म्हणून पाच गुणिले चार, वीस भेटी झाल्या असे वाटते. पण मी तुम्हाला मिठी मारली त्याच वेळी तुम्हीही मला मारलेली असते. ती भेट एकच. आपण प्रत्येक भेट दोनदा मोजली, म्हणून वीसला दोनाने भागायचे, भेटी दहा.

आता त्याच पाच घरांतून एकमेकांकडे शीरखुर्म्याच्या वाट्या जातात. प्रत्येक घरातून चार वाट्या बाहेर पडतात. पाच गुणिले चार, वीस. येथे भागायचे का? तुमच्याकडून आमच्याकडे आलेली वाटी आणि आमच्याकडून तुमच्याकडे गेलेली वाटी या दोन वेगळ्या वाट्या आहेत. ज्या बाईने वाट्या भरल्या तिला कोणी 'या दोन्ही मिळून एकच' असे सांगून पाहावे! वाट्या वीसच.

घरे तीच, जोड्या त्याच, पण एका ठिकाणी उत्तर दहा आणि दुसऱ्या ठिकाणी वीस. फरक सूत्रात नव्हता, गोष्टीत होता. म्हणून माझा सारा आग्रह एका प्रश्नावर आहे. सूत्राला हात लावण्यापूर्वी मुलाने स्वतःला विचारावे: मी निवडलेल्यांपैकी दोघांची अदलाबदल केली, तर काही नवीन घडले का? नवीन घडले असेल तर मांडणी. काहीच बदलले नसेल तर निवड.

हा प्रश्न बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एस.टी.त बसूनही विचारता येतो. वाटेतली सगळी गावे न घेता सहाच थांबे धरा: बारामती, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. कोणत्याही दोन थांब्यांमधले भाडे लिहून ठेवायचे तर तक्त्यात किती आकडे लागतील? बारामती ते लासुर्णे आणि लासुर्णे ते बारामती भाडे एकच, अदलाबदलीने काही बदलत नाही. म्हणून सहा गुणिले पाच भागिले दोन, पंधरा आकडे. परंतु कोठून कोठे हे दोन्ही छापलेली तिकिटे काढायची ठरवली तर तीस प्रकारची लागतील, कारण बारामतीहून लासुर्ण्याला जाण्याचे तिकीट दाखवून कोणाला लासुर्ण्याहून बारामतीला येता येणार नाही. एस.टी.तल्या भाड्याच्या तक्त्याचा आकार पायऱ्यांसारखा का असतो, त्याचा अर्धा भाग रिकामा का सोडता येतो, याचे कारण हेच.

दोघांपर्यंत ठीक आहे. तिघे आले की घोटाळा वाढतो, म्हणून येथे जरा थांबू.

समजा आपल्यासमोर दहा गुणी विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यातून तीन पारितोषिके द्यायची आहेत. पहिले, दुसरे आणि तिसरे. पहिल्यासाठी दहा जण, तो ठरल्यावर दुसऱ्यासाठी नऊ, मग तिसऱ्यासाठी आठ. दहा गुणिले नऊ गुणिले आठ म्हणजे ७२०. आता हीच तीन पारितोषिके न ठेवता सारख्याच रकमेच्या तीन शिष्यवृत्त्या ठेवल्या तर? अ, ब आणि क या तिघांना शिष्यवृत्ती मिळाली. ७२०च्या यादीत हे त्रिकूट कितीदा आले होते पाहा: अबक, अकब, बअक, बकअ, कअब, कबअ. सहा वेळा. पारितोषिके होती तेव्हा हे सहा वेगवेगळे निकाल होते आणि तिघांच्या घरांत त्यांचा वेगवेगळा आनंद किंवा रुसवा झाला असता. शिष्यवृत्ती सारखीच म्हटल्यावर सहाही निकाल एकच झाले. प्रत्येक त्रिकुटाचे असेच होणार, म्हणून ७२० भागिले ६, म्हणजे १२०.

विद्यार्थ्यांनो, एनसीआर हे सूत्र याहून वेगळे काही सांगत नाही. ते निराळे पाठ करण्याची गरजच नाही. आधी मांडून मोजा. मग जेवढ्या मांडण्या एकरूप होतात तेवढ्याने भागा. उलट दिशेनेही जाता येते. आधी तिघे निवडा, १२० प्रकारे, मग त्यांना सहा प्रकारे क्रम लावा, पुन्हा ७२०. दोन्ही रस्ते एकाच गावाला पोचतात.

आता तिसरा प्रकार. गणित, विज्ञान आणि भाषा या तीन विषयांसाठी एकेक पारितोषिक आहे आणि एकाच विद्यार्थ्याला तिन्ही मिळाली तरी हरकत नाही. मग गणितासाठी दहा, विज्ञानासाठी पुन्हा दहा, भाषेसाठी पुन्हा दहा, एकूण १०००. येथे अदलाबदलीने फरक पडतो आणि नाव पुन्हा येऊ शकते. म्हणजे दहा विद्यार्थी आणि तीन बक्षिसे यांची तीन उत्तरे झाली: १२०, ७२० आणि १०००. इंग्रजी पुस्तकात या तिन्ही उदाहरणांत 'सिलेक्ट' हा शब्द येऊ शकतो. त्या शब्दावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी तिन्ही ठिकाणी १२० लिहील. कोणी घाईने या १०००लाच सहाने भागले, तर उत्तर १६६ आणि वर काही अपूर्णांक येतो. माणसे अपूर्णांकात निवडली जात नाहीत. असे उत्तर आले की कोठेतरी भागू नये तेथे भागले आहे हे ओळखावे.

समित्यांचा अनुभव असलेल्या मंडळींना हे आणखी चटकन पटेल. नऊ सभासदांतून तिघांची उपसमिती ८४ प्रकारे होते. त्याच नऊ जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे म्हटले की ५०४ प्रकार. सहापट! उपसमिती नेमताना सभा दहा मिनिटांत आटोपते आणि पदे वाटताना रात्र होते, त्याला गणितातही आधार आहे असे म्हणावे लागेल. असो.

मोजणीची ही विद्या इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडे आली असा समज असेल तर तो खरा नाही. आठव्या शतकात बसऱ्यामध्ये खलील इब्न अहमद नावाचे मोठे भाषापंडित होऊन गेले. अरबी भाषेतले सगळे शब्द एका कोशात गोळा करायचे, एकही निसटता कामा नये, असा त्यांचा संकल्प होता. पण निसटला नाही हे कळणार कसे? त्यांनी असा विचार केला की अरबीची अक्षरे २८ आहेत आणि बहुतेक धातू तीन अक्षरांचे असतात. तेव्हा अक्षरांची शक्य असतील तेवढी त्रिकुटे घ्यावीत, प्रत्येक त्रिकूट उलटसुलट फिरवून पाहावे, आणि त्यातले कोणते भाषेत वापरात आहे व कोणते नाही ते नोंदवावे. मग काही राहून जाण्याचा प्रश्नच उरत नाही. 'किताबुल ऐन' हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला अरबीतला आद्य कोश या पद्धतीने रचलेला आहे. वेगवेगळी तीन अक्षरे घेतली तर २८ गुणिले २७ गुणिले २६, म्हणजे १९,६५६ मांडण्या होतात. पण कोशात एकेक त्रिकूट एकदाच घेऊन त्याच्या सहाही मांडण्या त्याच ठिकाणी पाहिल्या आहेत. म्हणजे त्रिकुटे १९,६५६ भागिले ६, ३,२७६ एवढीच. निवड कोठे संपते आणि मांडणी कोठे सुरू होते, हे त्या कोशाच्या रचनेतच दिसते.

एक त्रिकूट आपण घेऊन पाहू. ऐन, लाम, मीम. या क्रमाने मांडले की 'इल्म' होतो, आणि त्या धातूचे आलिम, मुअल्लिम, तालीम हे सारे शब्द. पैकी 'तालीम' आपण मराठीत थेट कुस्तीच्या आखाड्यात नेऊन बसवली आहे. आता शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल करा. ऐन, मीम, लाम. शब्द झाला 'अमल'. त्यातून आपला अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. अक्षरे तीच तीन. एका क्रमाने ज्ञान, दुसऱ्या क्रमाने कृती. क्रमाला किंमत असते म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आपल्या सह्याद्रीच्या मुलखातही हीच विद्या होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. 'लीलावती'त दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकात सहा रस आहेत: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. त्यांच्यातले एक, दोन, तीन असे घेऊन किती चवी होतील? ६, १५, २०, १५, ६ आणि १, मिळून ६३. मीठ आधी घातले की चिंच आधी घातली याने जिभेला कोणती चव लागली ते बदलत नाही, म्हणून ही निवड. (स्वयंपाक करणाऱ्या बायका याला हरकत घेतील, फोडणीत क्रम चुकला तर काय होते ते त्या जाणतात. पण भास्कराचार्य फोडणीविषयी बोलत नव्हते.) दुसऱ्या उदाहरणात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे आहेत, ती हातांत बदलत गेली तर मूर्तीचे किती भेद होतील? येथे डमरू कोणत्या हातात आहे यावर मूर्ती ठरते, म्हणून ही मांडणी, आणि उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांसाठी तेच उत्तर २४ येते. चारावरून दहावर गेलो आणि २४चे छत्तीस लाखांवर झाले! या 'लीलावती'चे फारसी भाषांतर बादशहा अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली केले. ज्या पुस्तकावर संस्कृतातून टीका झाल्या तेच पुस्तक फारसी शिकणाऱ्यांच्याही हाती गेले.

पुन्हा आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. निवडणुका आपल्याकडे कमी नाहीत. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत एखाद्या गटातून तीन संचालक द्यायचे आहेत आणि उमेदवार पाच आहेत असे धरा. मतदार तीन नावांपुढे शिक्का मारतो. कोणता शिक्का आधी मारला हे मतपत्रिकेवर उमटत नाही. तिन्ही मते देणाऱ्याची मतपत्रिका दहाच प्रकारांची असू शकते. आता विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मतपत्रिका घ्या. तेथे शिक्का नसतो. नावापुढे १, २, ३ असा पसंतीचा क्रम लिहायचा असतो. पाच उमेदवारांपैकी तिघांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देण्याचे प्रकार साठ. तीच तीन नावे, पण क्रम फिरवला तर मताचा अर्थ फिरतो आणि मोजणीच्या टेबलावर गठ्ठाही दुसऱ्या उमेदवाराकडे जातो. अदलाबदलीचा प्रश्न कोणी विचारला नाही तर काय होते, हे त्या मोजणीला बसलेल्यांना विचारावे.

नावावर विसंबू नका, हे सांगण्यासाठी एक छोटी वस्तू. बॅगेला लावायचे आकड्यांचे कुलूप असते ना, त्याला बाजारात 'कॉम्बिनेशन लॉक' म्हणतात. तीन चकत्या, प्रत्येकीवर शून्य ते नऊ. ४७२ लावले की उघडते आणि ७४२ लावले की उघडत नाही. म्हणजे नाव निवडीचे आणि काम मांडणीचे! शिवाय ४४४ हा आकडाही चालतो, म्हणून प्रकार १०००. एमएच ४२ या आपल्या बारामतीच्या गाड्यांच्या नंबरांचेही तसेच, १२३४ आणि ४३२१ या दोन गाड्या आहेत.

अदलाबदलीचा प्रश्न आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. 'बारामती' या शब्दात बा, रा, म, ती ही चार वेगळी अक्षरे आहेत. त्यांच्या २४ मांडण्या. 'इंदापूर'च्याही २४. पण इंदापूर तालुक्यातले 'गागरगाव' घ्या. गा, ग, र, गा, व. पाच अक्षरांच्या मांडण्या १२० म्हणाल तर चुकेल, कारण 'गा' दोनदा आला आहे. त्या दोन 'गां'ची अदलाबदल करा. पाटी वाचणाऱ्याला काही कळणार नाही. प्रत्येक मांडणी दोनदा मोजली गेली, म्हणून १२० भागिले २, साठ. पुस्तकात याचे निराळे सूत्र दिलेले असते. पाठ असेल तर उत्तम. विसरले तरी अडायचे कारण नाही.

आता ज्या उदाहरणात हुशार मुलेही अडकतात ते सांगतो. वर्गात पाच मुली आणि चार मुलगे आहेत. तिघांचा संघ करायचा आहे आणि त्यात कमीत कमी एक मुलगी हवी. पुष्कळ मुले असा विचार करतात: आधी एक मुलगी घेऊन अट पुरी करू, पाच प्रकारे, मग उरलेल्या आठांतून कोणीही दोघे, २८ प्रकारे, पाच गुणिले अठ्ठावीस, १४०. ऐकायला पटते. पण नऊ जणांतून तिघांचे एकूण संघच ८४ होतात हे आपण वर पाहिले. त्यांतले काही संघ अटीत बसणारे, ते १४० कसे होतील?

चूक कोठे झाली ते पाहण्यासारखे आहे. संघात दोन मुली आल्या असे धरा. पहिलीला 'अटीची मुलगी' म्हणून घेतले आणि दुसरी नंतर आली. किंवा दुसरीला आधी घेतले आणि पहिली नंतर आली. आपण हे दोन संघ मोजले. अदलाबदल करून पाहा: मैदानावर उभा राहिलेला संघ तोच आहे. दोन मुलींचे संघ दोनदा मोजले गेले, तीन मुलींचे तीनदा. एक मुलगी असलेले संघ ३०, दोन मुलींचे ४०, तिन्ही मुलींचे १०. मिळून खरे उत्तर ८०. आपल्या चुकीच्या रीतीने ३० अधिक ८० अधिक ३० असे १४० झाले. सोपी वाट अशी की ८४मधून एकही मुलगी नसलेले संघ वजा करावेत. चार मुलग्यांतून तिघे, चार प्रकारे. ८४ वजा ४, पुन्हा ८०.

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील की कबड्डीच्या संघात मग असे का होत नाही? बारा खेळाडूंतून मैदानावरचे सात निवडायचे आणि त्यांतला एक कर्णधार करायचा. आधी सात निवडा, ७९२ प्रकारे, मग त्यांतून कर्णधार, सात प्रकारे, ५,५४४. किंवा आधी बारांतून कर्णधार घ्या आणि मग उरलेल्या अकरांतून सहा जण, ४६२ प्रकारे. बारा गुणिले ४६२, तेही ५,५४४. येथेही आपण एकाला आधी घेतले, तरी उत्तर फुगले नाही. कारण कर्णधार हा कर्णधार म्हणून शेवटपर्यंत ओळखू येतो. त्याची आणि दुसऱ्या खेळाडूची अदलाबदल केली तर कर्णधार बदलला, संघ नवा झाला. 'अटीची मुलगी' मात्र आपल्या मनातच होती. संघात तिच्या अंगावर तसा काही शिक्का नव्हता. एवढा भेद ज्याला दिसला त्याला हा धडा आला असे मी समजतो, मग त्याला सूत्रे पाठ असोत वा नसोत.

पालकांना माझी विनंती आता सांगतो. मुलगा किंवा मुलगी रात्री असे उदाहरण घेऊन बसली असेल आणि आपणांस इंग्रजी वाचता येत नसेल, तरी शेजारी बसा. तिला उदाहरणातली गोष्ट घरच्या बोलीत सांगायला लावा. किती जण, कशासाठी, कोणाला काय मिळाले. ती सांगता येत नसेल तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे, हे तिथेच उघड होईल. मग विचारा, 'या दोघांना बदलले तर काही वेगळे होते का?' आणि 'तोच माणूस पुन्हा येऊ शकतो का?' हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. गवंड्याला, शिंप्याला, भाजीच्या गाळ्यावर बसणाऱ्याला कोणत्या कामात क्रम पाळावा लागतो आणि कोणत्यात नाही हे पक्के ठाऊक असते. शिंपी आधी कापतो आणि मग शिवतो. पण कापडाच्या पाच तुकड्यांतून तीन पसंत करताना कोणता आधी उचलला याचा हिशेब तो ठेवत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एवढेच सुचवतो. मोठा आकडा आला आणि शंका वाटली तर तो लहान करून घ्या. दहांतून तीन ऐवजी चारांतून दोन घ्या आणि सगळे प्रकार वहीच्या मागच्या पानावर खरोखर लिहून काढा. निवड असेल तर सहा ओळी होतील, मांडणी असेल तर बारा. लिहिताना हात आपोआप थांबतो आणि मन म्हणते, 'हे तर वर आलेच आहे.' जेथे हात थांबला तेथे भागाकार आहे. परीक्षेच्या वेळेत याला दोन मिनिटे जातात, आणि ती गेली तरी हरकत नाही.

समारंभानंतर मी अर्धा तास येथेच आहे. ज्यांच्या वहीत या धड्यातली उदाहरणे अडलेली असतील त्यांनी ती घेऊन यावीत. मुलींनी मागे उभे न राहता पुढे यावे.